डबा भरलेला परत येतो तेव्हा

लातूरच्या शिकवणीचालकांना, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना आणि गावाकडून रोज रात्री फोन करणाऱ्या आई-बापांना,

स.न.वि.वि.

मी ट्यूशन एरियात मेस चालवते. २००६ साली दहा डब्यांवर सुरू केली, आता सकाळचे एकशे चाळीस जातात. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, कुठकुठली लेकरं असतात. पोरं मला मावशी म्हणतात. कुणाला टेस्टमध्ये किती पडले ते मला माहीत नसतं, कोण कुठल्या बॅचला आहे तेही नसतं. पण कोण किती जेवतो ते मला माहीत असतं. डबे धुवायला येतात तेव्हा झाकण उघडल्याबरोबर कळतं. कुणी भाजी ठेवतो, कुणी वरण, मुली बहुतेक भात ठेवतात. हे रोजचं आहे, त्यात काही नाही. एकाच नंबरचा डबा रोज जसाच्या तसा परत यायला लागला, तर मात्र त्यात काहीतरी असतं. हे मला आता कळतं. काही वर्षांपूर्वी कळत नव्हतं, आणि हे पत्र त्यामुळंच लिहितेय.

हिंगोलीकडचा एक पोरगा होता. नाव सांगत नाही. रिपीटर, म्हणजे मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी मेसमध्ये येऊन बसून जेवायचा, ठेचा मागून घ्यायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं डबा खोलीवर लावला. दिवाळीनंतर डबा निम्मा यायला लागला, मग पुरा. मला वाटलं पोरगं गाड्यावर वडापाव खातंय. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी त्याला बोललेही, "बापाचे पैसे फुकट घालवतोस काय रे?" तो हसला नाही, चिडलाही नाही. "हो मावशी," म्हणाला आणि गेला.

मग येळवस आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, वेळा अमावस्येला आमचं अर्धं लातूर रिकामं होतं. सगळे रानात, भज्जी आणि आंबील, चार सोयरे-धायरे. मेसची पोरंही कुणाच्या ना कुणाच्या शेतावर जातात. हा खोलीत दार लावून झोपलेला, दुपारी बारा वाजता. मी आंबील घेऊन गेले. दार उघडलं तेव्हा खोलीचा वास, वाढलेली दाढी आणि त्याचे डोळे पाहून पोटात गोळा आला. त्या दिवशी मी त्याच्या शिकवणीत फोन केला. पलीकडून एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही पोळ्यांचं बघा, अभ्यासाचं आम्ही बघतो." मी अभ्यासाबद्दल काही बोललेच नव्हते. गप बसले. माझी चूक तिथं झाली. बापाचा नंबर माझ्या वहीत होता, तरी मी फोन केला नाही. कशाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसा, असं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. पंधरा दिवसांनी त्याच्या खोलीतल्या पार्टनरनं रात्री बापाला बोलावलं. वेळेवर बोलावलं, एवढंच म्हणेन. बाप ट्रंक न्यायला आला. आधी लेकराला देवर्ष्याकडं नेलं, बाहेरचं झालंय म्हणून. नारळ, लिंबू, अंगारा यात महिना गेला. मग कुणीतरी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणालं. नैराश्य निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन आठवड्यांनी झोप लागायला लागली, मग भूक. आज तो डॉक्टर नाही, पण बरा आहे. डिपॉझिट परत घ्यायला बाप माझ्याकडं आला होता. त्यानं मला एकच विचारलं, "ताई, डबा परत येत होता, मग तुमच्या ध्यानात आलं नव्हतं का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ध्यानात आलं होतं. पण आलेल्याचं करायचं काय, ते माहीत नव्हतं.

आता बघा. लेकराला जुलाब लागले तर मराठवाड्यातली कुठलीही अडाणी आई मीठ-साखर-पाणी पाजते. तिला कुणी डॉक्टर केलेलं नाही. दवाखाना गाठेपर्यंत जीव कसा तगवायचा, एवढंच तिला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. साप चावला की देवळात नेणारी माणसंही आता बहुतेक दवाखान्यात नेतात, तेही सांगून-सांगूनच. मग मनाचं काही झालं तर दवाखान्याच्या आधी काय करायचं, हे आपल्याला कुणी कधी सांगितलं?

मागच्या वर्षी मी दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले. बचत गटाच्या मैत्रिणीनं ओढत नेलं, खरं सांगायचं तर. तिथं कळलं की याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात, आणि जगात हे रीतसर शिकवतात. ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर नावाच्या परिचारिकेनं नवऱ्यासोबत याचा अभ्यासक्रम सुरू केला. ती स्वतः कोवळ्या वयात नैराश्यातून गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये संकटात सापडलेल्या माणसांसाठी एक पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. आधी पाहा की माणूस कोणत्या अवस्थेत आहे. मग त्याचं ऐका. आणि मग ज्याला त्यातलं कळतं त्याच्याशी जोडून द्या. सल्ला द्या, असं त्यात कुठंच नाही. आपल्याकडं मात्र सुरुवातच तिथून होते.

तीन शब्द ऐकले आणि मला किल्लारी आठवली. माझं माहेर औसा तालुक्यातलं. १९९३ साली मी बारावीला होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. गणपती विसर्जन करून गाव नुकतं झोपलेलं. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर पट्ट्यात घरंच्या घरं दगड-मातीखाली गेली. पुढं कितीतरी महिने आम्ही बाहेरच झोपायचो. रस्त्यावरून ट्रक गेला तरी बाया उठून पळायच्या. मदतीला दुनिया लोटली होती. ब्लँकेटं आली, भांडी आली, नेतेमंडळी आली. पण माझी आत्या, जिची दोन लेकरं गेली, ती कुणाची आठवण काढायची माहितीये? पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ नुसती बसणाऱ्या एका बाईची. ती बाई कोण, कुठली, आम्हाला कधी कळलं नाही. रडू नका असं ती कधी म्हणाली नाही, असं आत्या सांगायची. बाकी सगळे तेच म्हणायचे.

आई-बापांनो, आता तुमच्याशी बोलते. रागावू नका. रात्री साडेनऊला माझ्या मेसच्या पायरीवर पोरं फोनवर बोलत असतात आणि मी ओटा पुसत असते. तुमचा पहिला प्रश्न काय असतो, ते मला इकडच्या उत्तरावरून कळतं. "चारशे ऐंशी." म्हणजे विचारलं असणार, किती पडले. मग थोडा वेळ गप. मग "हो पप्पा. हो. करतो." फोन ठेवल्यावर काही पोरं लगेच उठत नाहीत. तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. दोन एकर गहाण टाकून फी भरणारा बाप वाईट कसा असेल? पण ते दोन एकर तुम्ही दर रविवारी बोलून दाखवता. लेकराला ते पाठ आहे. ज्या पोराचं मन आधीच खचलंय, त्याला ते ऐकून अभ्यास होत नाही. आपण घराला भार झालोय, आपण नसतो तर बरं झालं असतं, असा त्याचा हिशोब होतो. हा हिशोब चुकीचा असतो, पण आजारी मन असलेच हिशोब करतं.

मला वाटतं आपली खरी अडचण शब्दांची आहे. मनाच्या आजारासाठी आपल्याकडं दोनच शब्द आहेत. एक 'टेन्शन' आणि दुसरा 'येडं'. टेन्शन सगळ्यांनाच असतं, म्हणून त्याचं काही करायचं नसतं. आणि येडं झालं की काही करताच येत नाही, फक्त लपवायचं असतं. या दोन शब्दांच्या मधे केवढं मोठं रान पडलंय, आणि बहुतेक लेकरं त्या रानातच हरवतात. पण गंमत अशी की आपल्या आज्यांकडं त्या रानातले शब्द होते. "मन लागंना." "जीव घाबरा होतोय." "कशातच राम वाटंना." "काळजात धस्स होतंय." पोरगं फोनवर "करमंना" म्हणालं तर ते आळशीपणानं म्हणतंय असं समजू नका. किती दिवसांपासून, ते विचारा. दोन आठवडे सलग झोप, भूक, मन लागणं, सगळंच बिघडलेलं असेल तर ते टेन्शनच्या पुढं गेलंय असं धरा. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणं वेगळं, आणि येळवसला रानात जावंसं न वाटणं वेगळं.

काही लेकरं बोलतच नाहीत, त्यांचं अंग बोलतं. दर सोमवारी टेस्टच्या दिवशी पोट दुखणं, डोकं दुखणं. मागं एक मुलगी जेवताना एकदम उठली. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हात गार, आता मरते म्हणाली. आम्ही घाबरून दवाखान्यात नेली. ईसीजी साफ निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, हा भीतीचा झटका आहे, काही मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरतो. पहिल्यांदा झालं तर हृदयाचं दाखवून घ्यावंच. पण पुन्हा झालं तेव्हा मी शेजारी बसले, भोवतीची पोरं बाजूला केली आणि तिच्यासोबत हळूहळू श्वास सोडत राहिले. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष. तिचा हात गरम व्हायला पंधरा मिनिटं लागली असतील. "काही नाही झालं तुला," असं मी म्हणाले नाही. झालेलं होतंच की.

आता जे लिहायला हात जड होतो, ते. एखादं लेकरू म्हणालं की जगून काय करू, किंवा आपल्या वस्तू वाटायला लागलं, निरोपाचं बोलायला लागलं, तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हे वाक्य शिबिरात आमच्याकडून मोठ्यानं म्हणून घेतलं. निम्म्या बायांच्या तोंडून निघेना. विचारलं तर डोक्यात भरेल, अशी सगळ्यांना भीती. तसं होत नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, आणि कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. घरी आणलं तर फवारणीची औषधं कुलपात टाका नाहीतर घराबाहेर हलवा. आपण त्या विषाला 'औषध'च म्हणतो, मला हे नेहमी खटकतं. हा धोक्याचा वेळ कितीदा तरी थोडाच असतो. तेवढा सोबतीनं काढला की माणूस पुढं बोलायला लागतो.

आणि पोलीस केस होईल म्हणून कुणी लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्यातलं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. गुन्ह्याची भीती दाखवणारा कुणी भेटला तर हे कलम त्याच्यापुढं ठेवा.

जोडायचं कुठं? १४४१६. टेली मानस, केंद्र सरकारची फुकटची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवस-रात्र, मराठीत बोलतात. लेकराच्या वतीनं आई-बापही फोन करू शकतात. जिवावर बेतलं असेल तर ११२. सरकारी मेडिकल कॉलेजं लातूर, अंबाजोगाई, नांदेडला आहेत, संभाजीनगरला घाटी दवाखाना आहे. तिथं मानसोपचाराची ओपीडी असते आणि केसपेपरला किती लागतात ते तुम्हाला माहीत आहे. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यातलं एकही मराठवाड्यात नाही, हा अन्याय आहेच. पण आपल्या लेकराला बहुतेक वेळा मनोरुग्णालय लागतच नाही. ओपीडी, बोलणं आणि गरज पडली तर गोळ्या, इतकंच लागतं. गोळ्यांची सवय लागते म्हणून अनेक जण आठ दिवसांत बंद करतात. नैराश्याच्या गोळ्यांना असर दाखवायला आठवडे लागतात, आणि त्या मनानं एकदम थांबवायच्या नसतात. ज्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते त्या वेगळ्या, डॉक्टरला विचारा. "पोरीला तिथं नेलं तर लग्न कसं जमायचं" असं मला एका आईनं विचारलं. मी म्हणाले, माय, ती आधी नीट जेवू दे. याहून शहाणं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता शिकवणीचालकांनो, होस्टेलवाल्यांनो, तुमच्याकडं वळते. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात देशभरासाठी सूचना आहेत आणि त्या शिकवण्यांना आणि वसतिगृहांनाही लागू आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून बॅचा पाडू नका, लेकरांना चारचौघांत लाजवू नका. हेल्पलाइनचे नंबर ठळक अक्षरांत लावा. पालकांसाठी वेळोवेळी जागृतीचे कार्यक्रम घ्या. आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि न शिकवणाऱ्यांनाही, वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या. यातलं तुम्ही किती केलंत ते मी विचारत नाही, तुमचं तुम्हाला माहीत. मला एवढंच दिसतं की टेस्टची यादी नावांसकट अजून ग्रुपवर पडते आणि त्या रात्री माझे डबे जास्त परत येतात.

पण माझं म्हणणं त्या निकालाच्याही पुढचं आहे. लातूरची निम्मी लेकरं तुमच्या होस्टेलमध्ये राहतच नाहीत. ती गल्लीबोळात कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर राहतात, माझ्यासारखीकडं जेवतात, रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसतात. त्यांना सगळ्यात आधी कोण पाहतं? खोलीमालकीण पाहते, कारण पाण्याची मोटर लावताना वरच्या पोराची बादली चार दिवस हललेली नसते. अभ्यासिकेचा वॉचमन पाहतो. केस कापणारा पाहतो, पार्टनर तर रोजच पाहतो. आम्ही तुमचे कर्मचारी नाही, म्हणून तुमच्या प्रशिक्षणात आम्ही कुठंच बसत नाही. पाहणारे आम्ही आणि शिकवलं जाणार तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कला.

अडाणी मेसवालीला हे जमेल का, अशी शंका असेल तर शेजारच्या विदर्भात बघा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी लोकांशी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुणाकडं मदत मागायला जात होते, दीड वर्षानंतर ते २७.२ टक्के झाले. डॉक्टरांची फौज उतरवलेली नव्हती. बोलणारी माणसं ओळखीची होती, एवढाच फरक.

माझ्यापुरतं मी सुरू केलंय. डब्याच्या झाकणाला आतून एक चिकटपट्टी लावलीय, '१४४१६, बोलावंसं वाटलं तर'. बाहेरून लावली तर पोरं खरडून काढतात, मित्रांत लाज वाटते. आत असली की फक्त जेवणाराच वाचतो. आणि जो जेवत नाही त्याचं झाकण मी उघडतेच. वहीत एक रकाना वाढवलाय. तीन दिवस लागोपाठ डबा भरलेला आला की मी जाऊन दार वाजवते. "जेवलास का नाही?" एवढंच विचारते. मग पायरीवर बसते. पाच पोरांपैकी चार म्हणतात, "मावशी, बाहेर खाल्लं." तेवढ्यासाठी चार मजले चढले तरी गुडघे कुरकुरतात, पण चालायचंच. आणि गरज वाटली तर बापाला फोन करते. कुणी पोळ्यांचं बघा म्हणालं तरी.

जूनमध्ये नव्या बॅचा सुरू होतील. ॲडमिशनच्या दिवशी आई-बाप समोर बसलेले असतात, फीच्या पावत्या होईपर्यंत दोन तास मोकळे. त्यातला एक तास या विषयाला द्या. आणि आमचं प्रशिक्षण वेगळं घ्या, मेसवाले, खोलीमालक, अभ्यासिकावाले आणि ज्यांना यावंसं वाटेल ती पोरं. जागा नाही म्हणू नका. रविवारी संध्याकाळी माझी मेस बंद असते, हॉलमध्ये चाळीस माणसं आरामात बसतात. सतरंज्या माझ्या, चहा माझा. शिकवणारा माणूस तेवढा पाठवा.

आपली,
ट्यूशन एरियातली एक मेसवाली मावशी
लातूर